झोपेचे तास

दर दुसऱ्या गुरुवारी, चारच्या आत, एकोणतीस लिफाफे.
न्यू मेक्सिकोत, डोंगराच्या पोटाशी असलेल्या या गावात
आगीवर जाणारी माणसं मला आधी आकड्यांनी कळतात,
मग चेहऱ्यांनी.
नाव माझं ऑर्फालिंदा. बावीस वर्षं झाली.
पगारबाई म्हटलं की पुरतं.

नवी भरती डेझबा त्सोसी, तासाला सतरा डॉलर.
टायरच्या दुकानात अठरा देतात,
हे तिनंच सांगितलं, हसत,
बुटांच्या भत्त्याचा अर्ज सरकवताना.
बूट एकशे नव्वदचे, भत्ता एकशे वीस.
मधले सत्तर कुणाचे, असा रकाना
माझ्या पत्रकात नाही.

बंब चालवणाऱ्याला तिच्याहून दोन जास्त,
लेफ्टनंट एलॉय लुसेरोला त्यावर तीन.
त्या तिनांसाठी एलॉयनं दोन हिवाळे घोकंपट्टी केली,
पाण्याचा दाब, छताचं वजन, धुराचे रंग,
आणि घरात काय काय चुकलं ते बायकोला विचारा.
हुद्दा चढत जातो
तसा माणूस आगीपासून सरकत सरकत
कागदापाशी येतो.
चीफ तर माझ्या समोरच बसतो.
पगार बांधलेला, ओव्हरटाइम नाही,
गाडी दलाची,
अल्सर स्वतःचा.

वरच्या वस्तीतला म्हातारा प्रोकोपिओ स्वयंसेवक.
एका कॉलचे बारा डॉलर.
त्याची बायको चेक पिठाच्या डब्यात ठेवते.
सहा महिन्यांनी ते बाद होतात
आणि बँक मला पत्र लिहिते, त्याला नाही.

पण मला सांगायचंय ते झोपेचं.
अठ्ठेचाळीस तासांची पाळी,
त्यातली रात्रीची आठ-आठ तास झोप बिनपगारी.
घंटा झाली तर झोप मोडल्याची वेळ लिहून द्यायची,
तेवढी आम्ही भरून देतो.
एकदा कॅप्टन ट्रॅन्क्विलिनो बाकानं लिहिलं:
दोन दहा ते चार चाळीस. पुढे झोप नाही.
मी विचारलं, पुढे तर कॉल नव्हता?
तो म्हणाला, कॉल नव्हता.
मूल होतं.
मी सकाळपर्यंतचे तास धरले.
ऑडिटरनं लाल खूण केली.
खूण राहू दिली मी, तासही राहू दिले.

मागच्या शरद ऋतूत बाकाच्या लघवीतून रक्त गेलं.
आमच्या नियमांत आजारांची यादी आहे,
प्रत्येकासमोर वर्षं लिहिलेली:
एवढी नोकरी झाली असेल
तर तो आजार नोकरीनं दिला असं मानायचं,
नाहीतर तो तुमचा तुम्ही आणलेला.
बाकाच्या आजारासमोर बारा.
बाकाची भरली होती
अकरा वर्षं, दहा महिने.

त्या रात्री मी ऑफिसात थांबले.
जुनी पत्रकं काढली आणि त्याची बिनपगारी झोप
एका कागदावर उतरवत गेले.
तीन पेन्सिली. एक कॉफी, गार.
बेरीज आली सव्वा वर्ष.
ती त्याच अकरा वर्षांच्या पोटातली होती,
हे मलाही कळतं, बेरीज हाच माझा धंदा.
तरीही मी पत्र लिहिलं:
हा माणूस सव्वा वर्ष
बूट पायांशी ठेवून, कान उघडे टाकून पडून होता.
ते कुणाच्या खात्यात?

उत्तर तीन ओळींचं आलं.
झोप सेवेत मोजली जात नाही.
खाली सही, सहीखाली हुद्दा,
त्या हुद्द्याचा पगार मला ठाऊक आहे.

बाका आता येतो तो रजेचे तास विचारायला.
एलॉयनं त्याचे दोनशे दिले त्याला, प्रोकोपिओनं पिठाचा डबा आणला,
सगळे बाद चेक,
आणि मी ते घेतले, काय करणार होते.

आज डेझबाची पहिली स्लिप आली.
अक्षर शाळेतलं, ओळीवर बसवलेलं.
एक पंधरा ते तीन. गवताची आग, कुणाला इजा नाही.
त्यापुढे, कुणी विचारलेलं नसताना:
नंतर गाढ झोप लागली.

मी पावणेदोन तास चढवले.
स्लिप फाइलला लावली नाही अजून.
लागते तिला. अजून लागते.